खाचरातलं लेव्हलिंग

नेरे गावच्या रेश्माला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात सगळं जमत होतं, फक्त तोंड उघडणं जमत नव्हतं. कॉलेजच्या पहिल्याच महिन्यात वर्गात तिच्या तोंडून गावाकडचं 'न्हाई' निसटलं, मागच्या बाकांवर खसखस पिकली, आणि पोरीनं जे ओठ शिवले ते शिवलेच.

२००९ साली सर्व्हेइंगच्या जयसिंग सरांना नवं खूळ सुचलं. त्यांनी आपली लेक्चरं कॅमेऱ्यासमोर बोलून त्यांच्या सीड्या वाटल्या. लेक्चर घरी बघायचं; वर्गात सर गप्प, आणि पोरांनी फळ्यापाशी येऊन एकमेकांना समजावायचं. त्याला वीस मार्क. बाकीचे खुशीत, रेश्मा मात्र घाबरली. मार्क जातील ते जातील, वर सगळ्यांसमोर हसं. तिच्या मनात कॉलेज सोडायचंसुद्धा येऊन गेलं.

घरी कॉम्प्युटर नव्हता, सीडी प्लेअर जोडून टीव्हीवरच लागायची. त्यामुळे तिचे वडील कोंडिबाही लेक्चरला हजर. गडी भाताची खाचरं कसणारा, पण भलता चौकस. टीव्हीतल्या सरांशी हुज्जत घालायचा. जमिनीचा उंचसखलपणा मोजायच्या, म्हणजे लेव्हलिंगच्या सीडीत सर म्हणाले, सपाट रोखलेल्या दुर्बिणीतून जमिनीवर उभ्या धरलेल्या पट्टीवरचा आकडा जितका मोठा दिसेल, तितकी तिथली जमीन खाली. कोंडिबा उसळलाच.

"आकडा वाढला म्हंजी जमीन वरच की! ह्यो मास्तर कदी बांदावर गेलाय का?"

रेश्मानं सीडी थांबवली. तीनदा समजावलं. शेवटी वैतागून म्हणाली, "आबा, खाचरात पानी भरलंय. पानी वरनं सपाट हाय ना? मग जमीन खाली कुटं? गुडघ्याएवडं पानी लागतं तितं, का घोट्याएवडं लागतं तितं?"

कोंडिबा थबकला. "गुडघ्याएवडं लागतं तितं. आरं तिच्या! दुर्बिणीची नजर म्हंजी पानी व्हय!" असं म्हणून त्यानं मांडीवर अशी थाप मारली की स्वयंपाकघरातून रेश्माची आई धावत आली.

दोन दिवसांनी सगळा वर्ग नेमका तिथंच अडला. सरांनी रेश्माकडे बोट केलं. फळ्यापाशी जाऊन तिनं पुस्तकी मराठीत दोन वाक्यं कशीबशी रेटली आणि अडखळली. समोर चेहरे कोरे, अगदी आबांसारखे. त्यांना कळत नाहीये म्हटल्यावर तिची भीती पळाली आणि चीड आली.

"आसं बगा, खाचरात पानी भरलंय…"

मागून हसू फुटलं. रेश्मा थांबली नाही. तिनं पाण्याची सरळ रेघ काढली, खाली उंचसखल जमीन, त्यात उभी दोन माणसं, एक गुडघाभर पाण्यात, एक घोटाभर. हसू कधी विरलं ते कुणालाच कळलं नाही.

"अगं, इतकं सोपं होतं?" पुण्याची ज्ञानदा ओरडलीच. शेवटच्या बाकावर बसलेले सर नुसते हसत होते.

मधली सुट्टी झाली तरी कुणी उठेना. ज्ञानदानं वहीचं पान उलटलं. "रेश्मा, पुढचंही तूच सांग ना."

रेश्माला भलताच आनंद झाला. तिनं नवा खडू घेतला आणि वर्गाकडे डोळे वटारून बघितलं.

"सांगते. पन आता समदी गप बसा."