स्थळाची चौकशी

पेणच्या खाडीकाठी आमचं गाव. बाबा मिठागरात राबायचे. मी लग्नाची झाले त्याच वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. आई एकटी मिठाच्या पाट्या वाहू लागली. मोठ्या दवाखान्याचा दाखला जोडून आम्ही पेणच्या कचेरीत अपंगाच्या सरकारी पगारासाठी अर्ज केला. तो पगार आला तर बाबांचं औषध चालू राहणार होतं, नाहीतर बंद. देवापुढे मी तेवढंच मागायचे.

अर्ज नामंजूर झाला. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून इसम धडधाकट व कमावता आहे, असं कारण आलं.

कोण हा शेजारी, म्हणून मी तणतणत बाहेर पडले. शेजारची काकी मला बघून रडायलाच लागली. आमच्याकडे मुलगी करून घ्यायची तर मुलाकडचा कोणी अनोळखी माणूस आधी गावात येऊन गुपचूप चौकशी करून जातो. घर कसं, बाप कसा, आजारपण आहे का. आणि शेजाऱ्यांनी चांगलंच सांगायचं, ही रीत. माझ्यासाठी रोह्याचं स्थळ चाललं होतं, मुलगा कंपनीत शिफ्टला जाणारा. काखेत बॅग धरलेला माणूस बाबांविषयी विचारू लागला, तेव्हा काकीला तो रोह्याचाच वाटला.

"मी सांगितलं, दोन माणसांचं काम एकटा करतो, आजारपण या घरात नाय," काकी म्हणाली. "तुझं भलं व्हावं म्हणून गो."

तिच्यावर रागावणार तरी कसं? कचेरीतून चौकशीला आलेल्या त्या साहेबाने मात्र चार पावलं चालून आमच्या दारात डोकवायला हवं होतं. खाटेवरचा माणूस दिसला असता. ती चीड अजून जात नाही.

पुन्हा अर्ज केला. या वेळी घरोघरी सांगून ठेवलं, कोणीही विचारो, खरं तेच सांगा. रोह्याचं स्थळ गेलं तर जाऊ दे, म्हटलं. औषध तोवर संपलं होतं, बाबांची जीभही जड व्हायला लागली होती. माझं बोलणं ऐकून ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

एका दुपारी कचेरीतून दुसरा साहेब आला, तो थेट दारात. आई मिठागरात होती, मी विहिरीवर. हंडा घेऊन परतले तर बाबा उभे होते. डाव्या हाताने चौकट घट्ट धरलेली, धुतलेल्या सदऱ्याची एकच बाही कशीबशी घातलेली, कपाळावर घाम. पाय लटपटत होते, तरी तोंडभर हसत ते म्हणत होते, "या पाव्हणे, बसा. रोह्याहून आलाव ना?"

साहेबाने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि तो बॅगेतून कागद काढून लिहायला लागला.

"बाबा, बस," मी म्हणत राहिले. "बस ना बाबा."

ते बसले नाहीत.