युवराजभावजींचा रविवारचा पॅक

आमच्या ह्यांना, मानसिंगरावांना, सोलापुरात आधी केबलची अन् आता नेटची वायर ओढत वीस वर्षं झाली. खांबावर चढलेला माणूस खाली बघतो तसं सगळ्या जगाकडं बघायची ह्यांची सवय. घरात नेट म्हणाल तर महिन्याला पाचशे रुपये, वापरा किती बी.

धाकटे दीर युवराज अकलूजकडं साखर कारखान्यात होते. चार वर्षांमागं आफ्रिकेतल्या एका कारखान्यात नोकरी लागली, तिकडं गेले. सासूबाईंचा सगळा जीव त्या पोरात. रविवारी दुपारी पदर नीट करून फोनपुढं बसायच्या. दोन मिनिटं झाली की भावजींचं तोंड थिजायचं अन् फोन बंद पडायचा. मागनं साधा एसेमेस यायचा, पॅक संपला.

हे खो खो हसायचे. "पॅक कसला संपतोय? अख्ख्या पेठेला नेट मी जोडून देतो, अन् हा मला शिकवतोय! बोलायचं न्हाय, म्हणून बहाणे."

अन् स्वतः? उठल्यापासनं भावाला व्हिडिओ धाडायचे. गड्ड्याच्या जत्रेचे, बारशाचे, शेंगाचटणी कांडतानाचे. हौस लई! रविवारी सुट्टी, मग तर रांगच.

एकदा आत्यांनी, म्हंजे सासूबाईंनी, विचारलं, "मानसिंग, युवराज का रं बोलत न्हाय?" हे चिडून म्हणाले, "कटाळा आलाय त्याला तुझा. साहेब झालाय त्यो." पुढच्या रविवारी मी फोन नेऊन दिला, तर म्हणाल्या, "असू दे. पोराला कशाला तरास?" त्या भाद्रपदातच गेल्या.

भावजी दहाव्याला पोचले. पाव्हणे पांगल्यावर ह्यांनी सुनावलंच, "आईसाठी धा मिनिटं निघत न्हवती व्हय तुला?"

"दादा, तितं घरात वायर घ्यायची तर चौथाई पगार जातो, अन् ते बी नेट मोजूनच. मी मोबाईलचा बारका पॅक भरायचो, फक्त रविवारी, आईसाठी. पण भरला की तुझे आठवडाभराचे व्हिडिओ आपोआप उतरायचे. आईचं तोंड दिसेस्तवर संपायचा."

"मग उतरायचे बंद करायचे की!"

"केले असते. पण एखाद्यात आई दिसायची ना. चालताना, हसताना. कुठल्यात हाय ते बघितल्याबिगर कसं कळणार?"

ह्यांनी हातातला फोन पालथा ठेवला. मग भावजींनी विचारलं, "आई काय म्हणायची रं माझ्याबद्दल?"

ह्यांना जन्मात कधी उत्तर कमी पडलं न्हाय. म्हणाले, "म्हणायची, पोरगं कामात असंल." ते ऐकून भावजी ढसाढसा रडले.

खरं काय ते आमा दोघांनाच ठाऊक. अन् मी तरी काय केलं? मला भावजींचं पॅकचं बोलणं खरं वाटत होतं. पण नवऱ्यापुढं कशाला तोंड उघडा, म्हणून गप्प बसले. आत्यांजवळ बसून एकदा म्हणायचं होतं, तुमचं पोर तसं न्हाय. एवढं बी माझ्याच्यानं झालं न्हाय.