सर्व्हरने ओ दिली, तरी

मंडळी, आज मानसरोवर भागातल्या आमच्या लॅबमध्ये रिपोर्टचा कॉम्प्युटर डेटाबेस सर्व्हरला जोडलाच जाईना. खिडकीपाशी पेशंट "मॅडम, और कितना टाइम?" विचारत होते. मी सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे हाक मारून पाहिली. त्याने लगेच ओ दिली, म्हणून मी तासभर कॉम्प्युटरच तपासत बसले. शेवटी कळलं, सर्व्हर चालू होता, पण त्यावरचा डेटाबेस बंद पडला होता.

घरी येताना भुसावळला राहणाऱ्या बाबांना रोजचा फोन केला.

"जेवलात?"

"जेवलो."

एरवी मी इथेच फोन ठेवते. आज विचारलं, "काय जेवलात?"

बाबा म्हणाले, "चहा-बिस्किट. तुझी आई गेल्यापासून रोज तेच असतं गं."

तुम्ही घरी फोन केलात की दुसरा प्रश्न विचारता का?