आभाळाकडे पाहणारा मुखवटा

आमदारांनी मुखवटा उचलला आणि माझ्या मायच्या डोक्यामागे बांधला. प्लास्टिकचं माणसाचं तोंड. रंगवलेले डोळे, काळ्या मिशा. माझ्या मायला मागून मिशा आल्या. सभागृह हसलं.

बैठक तालुक्याच्या गावी होती. विषय वाघ आणि जंगलालगतची गावं. धोरण ठरणार होतं, म्हणून आमदार लोकांचं ऐकायला आले होते. ऐकण्याआधीच त्यांनी समजावलं, की वाघ मागून झडप घालतो, मागे तोंड दिसलं की थबकतो. आम्हाला समजावलं, वाघ कसा येतो ते. मग मुखवटे वाटले.

मायची मागणी साधी होती. मोहफुलं पडतात तेवढे दिवस पहाटे बायांसोबत दोन राखणदार द्या. बाई वाकली की उभं राहून बघणारं कोणीतरी पाहिजे. बोल म्हणून मीच तिच्या मागे लागले होते. मी आमच्या ग्रामसभेची पत्रकं लिहिते. त्या महिन्याच्या पत्रकात मीच छापलं होतं, लोकप्रतिनिधीसमोर न घाबरता बोला.

ती बोलली. "साहेब, मोह वेचताना आमी वाकून रायतो. वाकलं का हे तोंड आभाळाले पायते. वाघाले नाई."

आमदार हसून म्हणाले, "मग वाकू नका ना, मावशी."

पुन्हा हशा. मायला वाटलं, साहेबांना कळलं नाही. ती वाकून दाखवायला लागली. भर सभेत, त्या मिशांसकट. लोकांनी फोन काढले.

मला लाज वाटली. त्यांची नाही. तिची. मी तिचा पदर ओढला. म्हटलं, "माय, बस आता."

ती बसली.

दुसऱ्या दिवसापासून मुखवटा घालून जायला लागली. रबर सैल होतं. मीच गाठ मारून दिली.

नवव्या दिवशी ती परत आली नाही. आम्ही गेलो तेव्हा टोपली अर्धी भरली होती. माय पालथी. मुखवटा डोक्यालाच होता, माझी गाठ सुटली नव्हती. ते रंगवलेले डोळे आभाळाकडे बघत होते.

महिन्याभराने पुन्हा बैठक. तेच सभागृह, तेच आमदार. दोन मिनिटं सगळ्यांना उभं केलं. मग म्हणाले, मुखवटा नीट बांधला नसावा, जनजागृती वाढवू. घरच्यांनी दोन शब्द बोलावे म्हणून मला मंचावर बोलावलं.

मी शब्द नेले नव्हते. मायची टोपली नेली होती. तिच्यातली सुकलेली फुलं आमदारांच्या पायाशी सांडली आणि मुखवटा त्यांच्यापुढे धरला.

"साहेब, हा घाला. अन् वेचून दाखवा."

ते हळूच म्हणाले, "पोरी, तुझं दुःख समजतं मला. पण ही त्याची जागा नाही."

मग मीच घातला. वाकले. एकेक फूल वेचलं. खूप वेळ लागला. माझ्या मागे कोण उभं आहे, कोण सरकतंय, काही दिसत नव्हतं. माय रोज पहाटे अशीच वाकत होती, आणि मी तिला बस म्हटलं होतं.

या वेळी कोणी हसलं नाही. लोकांचं ऐकलं याचा पुरावा म्हणून हजेरीचा कागद फिरला. मी सही केली नाही. आमच्या गावच्या एकाही बाईने अंगठा दिला नाही.

आता ग्रामसभेचा ठराव झालाय. पत्रकात तेवढाच मजकूर आहे. वाघावर बोलायचं असेल तर पहाटे मोहाखाली या. टोपली आम्ही देऊ. आधी वाका, मग बोला. तोवर तुमच्या सभागृहात आमचं कोणी येणार नाही.

एक गोष्ट पत्रकात नाही, ती माझ्यापुरती आहे. उभी राहून बोलणाऱ्या बाईचा पदर मी पुन्हा ओढणार नाही.