हाल्ब झेक्स म्हणजे साडेपाच

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. कारण वहिनींची गोष्ट सांगायची तर मुंबई-सिंगापूर विमानाबद्दल बोलावं लागतं, आणि त्या विमानापाशी माझी जीभ अडते.

जर्मनीत, नेकारसुल्मला त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. आई मुंबईत, मुलगी सिंगापुरात, स्वतः इथे. कुणी नवं घरी आलं की पृथ्वीगोल काढायच्या, मुंबईवर अंगठा रोवायच्या आणि सिंगापूरपर्यंत दोरा ताणायच्या. "चार हजार किलोमीटर. साडेपाच तास. जेवण, एक डुलकी, उतरा." आमच्या इमारतीचे जिने चढताना मात्र धापा टाकत म्हणायच्या, "भाऊजी, यापेक्षा सिंगापूर सोपं."

मुलीचं बाळंतपण जवळ आलं तेव्हा त्यांनी आईंना त्या प्रवासाला राजी केलं. आई कधी विमानात बसलेल्या नव्हत्या. अट एकच, चढण्यापूर्वी लेकीचा आवाज ऐकायचा. आईंना फोन घेता यायचा, लावता येत नसे.

त्या दिवशी वहिनी बागेत आणि त्यांचा फोन घरात. मुलगी इथेच वाढलेली, मला ओंकेल, म्हणजे काका म्हणायची. तिने मला फोन केला. "ओंकेल, आईला सांगा ना, आजीला हाल्ब झेक्सला फोन कर. तुमच्या वेळेनं."

मी खिडकीतून ओरडलो, "वहिनी, साडेसहाला फोन करा आईंना!"

हाल्ब म्हणजे अर्धा, झेक्स म्हणजे सहा. पण जर्मन माणूस सहाला अर्धा तास कमी असताना हाल्ब झेक्स म्हणतो. म्हणजे साडेपाच. नव्या मराठी पोरांना दर रविवारी जर्मनच्या क्लासात हे शिकवणारा मीच.

साडेसहाला वहिनींनी फोन लावला तेव्हा आई टॅक्सीत होत्या, घरी परतत. "विमानतळावरचा तो चाकांची खुर्ची ढकलणारा म्हणाला, चला. मी म्हटलं, लेकीचा फोन यायचाय. त्यांना घाई होती, ते गेले." पुन्हा निघायचं नाव त्यांनी काढलं नाही. पणतू शेवटपर्यंत फोनवरच पाहिला.

मुलगी फोनवर चिडली. साडेसहा कुणी सांगितलं, म्हणाली. मी शेजारीच उभा होतो. वहिनी म्हणाल्या, "मीच चुकीचं ऐकलं गं." फोन ठेवून मला म्हणाल्या, "तुमचं नाव घेतलं असतं तर रविवारी क्लासला कोण आलं असतं?"

मी ते तसंच राहू दिलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पुढच्या रविवारी घड्याळाचा धडा आला आणि मी सुरू केलं, "आमच्या एका वहिनींनी काय केलं, माहीत आहे?" पोरं खो खो हसली. चहा ओतता ओतता वहिनीही हसल्या. "आणि ही बाई म्हणे अर्धं आयुष्य इथे राहिलीय," हे त्यांनीच जोडून दिलं.

नंतर प्रत्येक नव्या बॅचला मी तो किस्सा सांगितला. आता तो श्टुटगार्टपर्यंतच्या मराठी घरांत सांगतात. तुम्हीही ऐकला असेल.

वहिनी आजारी पडल्या तेव्हा हॉस्पिटलात गेलो. वाक्य तयार होतं. "वहिनी, त्या दिवशीचं ते..."

"भाऊजी, लोणचं आणलंत का? इथलं सूप म्हणजे नुसतं गरम पाणी."

मी लोणचं आणायला घरी गेलो. ते त्यांनी दोन दिवस पुरवून खाल्लं, नर्सलाही चाखवलं. तिसऱ्या दिवशी त्या नव्हत्या.

वहिनी, तुम्ही बरोबर ऐकलं होतं. चुकीचं सांगितलं मी. आईंचं विमान माझ्यामुळे गेलं, आणि हसं तुमचं झालं. मला माफ करा.