हरण्याचं काम

माझा दादा पाच वर्षं कुस्ती खेळला आणि एकदाही जिंकला नाही. त्याला जिंकायचंच नव्हतं. टीव्हीवर दिसते तसली कुस्ती. दोऱ्या बांधलेला चौकोन, गाण्यावर चालत येणारे पैलवान, झगमगीत कपडे. त्यात कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं. मोठा पैलवान मोठा दिसावा म्हणून कोणाला तरी त्याच्या हातून आपटून घ्यावं लागतं. दादा ते काम करायचा. हे सांगितलं की लोक हसतात. "म्हणजे खोटी कुस्ती ना?" असं विचारतात. पूर्वी मी भांडायचे, आता नाही.

आमचं घर चिंचणीला, समुद्राच्या बाजूला. बाबांची लहान होडी होती. आय बोंबील, मांदेली सुकवायची आणि पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. शेजारी केबल आली तेव्हा तो त्यांच्या खिडकीशी उभा राहून परदेशी कुस्त्या बघायचा. त्या पैलवानांच्या चित्रांचे पत्ते दुकानात मिळायचे, त्यावर उंची, वजन, छाती छापलेली असायची. दादाला ते पाठ होतेच, पण जे पत्त्यांवर नसायचं तेही त्याला कुठून कुठून कळलेलं असायचं. कोण आधी ट्रक चालवायचा, कोणाचा गुडघा कोणत्या उडीत गेला, कोण अजिंक्यपदाचा पट्टा जिंकला आणि वर्षभरात दारूत बुडाला, कोण हॉटेलच्या खोलीत एकटाच मेलेला सापडला. आम्ही दोघं ओट्यावर करंदी सोलत बसलो की तो मला एकेकाची अख्खी हकिगत सांगायचा.

एकदा मी विचारलं, "सगळ्यांचं शेवटी असं वाईटच का होते रे?"

"सगळ्यांचं नाय होत," तो म्हणाला. मग हातातली करंदी सोलून म्हणाला, "आणि झालं तरी त्यांचं नाव हाय ना. तुला पण ठावं झालं की नाय?"

तो वाढला तो असा वाढला की दारातून वाकून आत यायला लागला. बाबा खूश होते, होडी ओढायला दोन माणसांचं बळ घरातच आलं म्हणून. बारावीला नापास झाल्यावर दोन वर्षं तो बाबांबरोबर समुद्रावर गेला. जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त यायचं. मग तो तारापूरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे पिंपं उचलायला लागला, आणि संध्याकाळी बोईसरच्या एका व्यायामशाळेत जायला लागला. तिथे उत्तरेकडचा एक कामगार यायचा. त्याने सांगितलं की हरयाणात, एका शहराबाहेरच्या गोदामात, टीव्हीवरच्यासारखी कुस्ती शिकवतात.

बाबा वाळूवर बसून जाळं सांधत होते. दादाने तिथेच उभ्या उभ्या सांगितलं.

"कुस्ती शिकाला एवढ्या लांब?" बाबा म्हणाले. "आपल्याकडं पैलवान नाय?"

"ही येगळी कुस्ती हाय, बाबा."

"येगळी म्हंजे?"

दादा हातवारे करून दोऱ्यांचा चौकोन दाखवू लागला. बाबांनी मान खाली घातली आणि पुन्हा जाळं हातात घेतलं. ते नको म्हणाले नाहीत. आमच्या घरात कोणी कोणाला नको म्हणत नसे, नुसतं बोलणं थांबायचं.

हरयाणाला गेल्यावर पहिल्या शिमग्याला तो घरी आला तेव्हा मी त्याच्या मागेच लागले, काय शिकलास ते दाखव म्हणून. तो मला ओहोटीच्या ओल्या वाळूवर घेऊन गेला. सहा महिने त्याला फक्त पडायला शिकवलं होतं. हनुवटी छातीला टेकवायची, श्वास सोडायचा, दोन्ही तळवे एकदम जमिनीवर मारायचे, म्हणजे मार पाठीवर पसरतो. तो उभ्याने मागे पडला, धप्पकन. उठला, पुन्हा पडला. दहा-बारा वेळा. आय पाटी डोक्यावर घेऊन येत होती, ती तिथेच थांबली.

"कोण सांगतो तुला पडाला?" ती ओरडली. "उबा राहा की!"

दादा हसत उठला. त्याच्या पाठीला वाळू चिकटलेली होती आणि त्याखाली जुने काळेनिळे डाग होते. आयने ते पाहिले. ती घरी जाऊन खोबरेल तेल कोमट करायला लागली.

तो जिथे शिकत होता त्या शाळेची एक कंपनी होती, ती गावोगाव खेळ करायची. त्यात एकच माणूस खरा प्रसिद्ध होता. तो मातीतल्या कुस्तीतून आलेला, परदेशात तीन वर्षं टीव्हीवर झळकलेला, डोक्यावर राजाचा मुकुट घालून यायचा. गुडघे गेले तेव्हा तिकडच्या लोकांनी त्याला परत पाठवलं. पण इथे अजून पोस्टरवर त्याचाच चेहरा असायचा. दादाचं काम त्याच्या हातून हरण्याचं होतं. दर खेळात शेवटी तो दादाला खांद्यावर उचलायचा, गोल फिरवायचा आणि आपटायचा. लोक वेडे व्हायचे.

"तो मला उचलत नाय," दादाने एकदा मला फोनवर सांगितलं, अगदी गुपित सांगावं तसं. "त्याच्या गुडघ्यात काय राह्यलंय? मी उडी मारतो. माझी उडी बरोबर बसली तर त्याला नुसतं धरून ठेवायचं असते. पण बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की त्याने उचलला."

"मग तुझं कौतुक कोण करणार?"

"तो करतो ना. आत आल्यावर पाठ थोपटतो. लहान भाऊ म्हणतो मला."

मी तोवर तारापूरलाच एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले होते, आणि लग्न होऊन सरावलीला आले होते. पाचव्या वर्षी दादाचा फोन आला की कंपनी बोईसरच्या मैदानावर खेळ करणार आहे. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. मोठ्या पैलवानाने त्याला स्वतःहून म्हटलं होतं, तुझं घरचं मैदान आहे, हरायचं तर तुलाच, पण पहिली दोन मिनिटं तू मला मार.

चिंचणीहून एक टेम्पो भरून माणसं आली. आयने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. बाबा आयुष्यात पहिल्यांदा दादाची कुस्ती बघत होते. उन्हं कलल्यावर खेळ सुरू झाला. दादाचं गाणं वाजलं आणि तो पडद्यामागून आला तेव्हा आमच्या बाजूचा सगळा घोळका उभा राहिला. त्याने आमच्याकडे पाहिलं नाही, कारण तो दुष्टाचं काम करत होता आणि दुष्ट माणूस घरच्यांकडे बघून हसत नाही. पण त्याचे कान लाल झाले होते. ते मला दिसलं.

ती दोन मिनिटं खरंच त्याची होती. त्याने त्या राजाला दोऱ्यांवर फेकलं, छातीत थापा मारल्या, एकदा डोक्यावरून पलटी दिली. आय माझा दंड धरून "मार, मार" म्हणत होती. मग ठरल्याप्रमाणे राजा उसळला. त्याने दादाला ओढलं, वाकला, दादाने उडी मारली आणि तो खांद्यावर गेला. एक गिरकी झाली. दुसऱ्या गिरकीला राजाचा उजवा गुडघा आत वळला. तो बाजूला कोसळला आणि दादा त्याच्या खांद्यावरून थेट डोक्यावर जमिनीवर आदळला. तळवे मारायला त्याला वेळच मिळाला नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या टेम्पोतल्या लोकांनीसुद्धा. राजा सरपटत गेला, दादाच्या अंगावर हात ठेवला, पंचाने तीन वेळा जमीन थोपटली, घंटा झाली. मी पण टाळ्या वाजवत होते. फक्त बाबा उठले. ते खुर्च्या ढकलत पुढे गेले आणि दोऱ्यांखालून आत शिरले. कंपनीचा एक माणूस त्यांना मागे ओढत होता, "चाचा, शो का पार्ट है, शो का पार्ट है." बाबांनी त्याचा हात झटकला. ते दादाजवळ बसले, त्याचा डावा हात उचलला आणि सोडला. तो हात वस्तू पडावी तसा खाली पडला.

त्यानंतर आधी पालघरचं इस्पितळ, मग वापीचं, मग मुंबईचं. मानेचा मणका सरकला होता. शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पाय चालू लागले, डाव्या हातात मात्र पूर्वीचं बळ आलं नाही. कंपनीचे लोक पहिल्या आठवड्यात दोनदा आले, नंतर त्यांचे फोन लागेनात. बाबांनी पुढच्या मोसमात होडी पाण्यात घातली नाही. ते दुसऱ्याच्या होडीवर जायला लागले. दादाला कुंभवलीत एका कारखान्याच्या फाटकावर राखणदाराचं काम मिळालं. तिथे आलेल्या गाड्यांचे नंबर लिहायचे असतात, आणि त्याचा उजवा हात चांगला होता.

त्या कुस्तीचा कोणीतरी फोनवर काढलेला तुकडा फिरत होता, त्याला विनोदी संगीत लावलेलं. फाटकावर येणारे ड्रायव्हर दादाला ओळखायचे. "अरे, तुम वही हो ना?" म्हणायचे, आणि त्याच्याबरोबर फोटो काढायचे. तो उभा राहायचा. मला राग यायचा. त्याला यायचा की नाही, कळत नसे.

दोन वर्षांनी तो मोठा पैलवान बोईसरला एका नव्या व्यायामशाळेच्या उद्घाटनाला आला. दादा म्हणाला, मला जायचंय. बसमध्ये एकाच हाताने दांडी धरून त्याला एकट्याला तोल सांभाळता येत नसे, म्हणून मी सुट्टी टाकून बरोबर गेले. माझ्या मनात पुष्कळ काही होतं. सगळ्यांसमोर त्याला बोलायचं, असं मी वाटेत ठरवत होते.

तो आतल्या खोलीत खुर्चीवर बसला होता. मुकुट बाजूच्या टेबलावर, पाय लांब केलेले, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. चेहरा सुजल्यासारखा. दादाला बघताच तो उठायला गेला आणि त्याला उठता आलं नाही. मग त्याने बसूनच दादाचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. तो त्या हाताकडेच बघत राहिला.

"उस दिन घुटने में सुई लगी थी," तो म्हणाला. "कुछ महसूस ही नहीं हो रहा था. मुझे मना करना चाहिए था, भाई."

मी तोंड उघडणार तोच दादा म्हणाला, "नहीं, भाईसाब. जंप मेरी कम पड़ी."

"सच बोल रहा है?"

"सच."

त्या माणसाने डोळे मिटले. एवढा मोठा श्वास सोडला की मला ऐकू आला. मग बाहेरून कोणीतरी बोलावलं, दोघांनी धरून त्याला उभं केलं, मुकुट चढवला, आणि दारातून बाहेर पडताना तो सरळ चालायला लागला. बाहेर आरोळी उठली.

परत येताना रिक्षात मी विचारलं, "खरंच तुझी उडी कमी पडलेली?"

"बरोबर होती."

"मग खोटं का बोललास?"

"त्याला बाहेर जाऊन उबं राह्याचं होतं," दादा म्हणाला. "रडत गेला असता तर?"

मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसले. त्याच्या त्या एका खोट्याने माझ्या मनातलं सगळं मनातच राहिलं होतं. आज वाटतं, त्याला जे काम येत होतं तेच त्याने तिथेही केलं. पण असं वाटल्याने मला काही बरं वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर दादाचे पाय अडखळायला लागले. आधी चप्पल निसटायची. मग जिना उतरताना तोल जायला लागला. फाटकावरचं काम सुटलं. आता तो माझ्याकडे सरावलीला असतो. मी त्याला पुन्हा मुंबईला नेलं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी फोटो दिव्यासमोर धरून मला दाखवलं, मानेतला मज्जारज्जू कुठे दबलाय ते. दुसरी शस्त्रक्रिया करता येईल, पण त्याने फार तर आहे ते थोडे दिवस टिकेल, गेलेलं परत येणार नाही, असं त्या म्हणाल्या. दादा बाहेर बाकावर बसला होता. मी बाहेर आले तेव्हा त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि भिंतीला धरून उठायला लागला.

शस्त्रक्रिया करून घ्यायला तो तयार नाही. मीही जोर करत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

आय दर रविवारी चिंचणीहून येते. त्याचे पाय मांडीवर घेऊन तासभर तेल चोळते. परवा तिने मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "पावसापर्यंत नीट चालाला लागल ना तो?"

"लागेल," मी म्हटलं.

तिने मान हलवली, वाटीतलं उरलेलं तेल बाटलीत परत ओतलं आणि बस चुकेल म्हणून लगबगीने निघाली.