एप्रिल ते ऑक्टोबर

गुंडुला रोमबाख बाईंनी वेंडेलिन फेरेनबाखरला पहिल्यांदा नीट पाहिलं ते चर्चमध्ये नव्हे, डोंगरावर जाणाऱ्या रस्त्याच्या तिसऱ्या वळणावर. एक्क्याण्णव सालचा मे महिना होता. बाई सायकल हातात धरून चढण चढत होत्या, मागच्या टोपलीत चौथीच्या वह्या होत्या. पाठीमागून एक आवाज आला. नुकतंच तेल घातलेल्या शिवणयंत्रासारखा, पण खालच्या सुरातला. मग तीन दारांची, मागून आखूड अशी छोटी लाल गाडी वळणावर आली. बाईंना पाहून ती मंदावली, वळसा घालून पुढे गेली आणि मग अशी काही निघाली की बाईंच्या लक्षात आलं, ही गाडी लहान असली तरी साधी नाही. आत टाय बांधलेला, केस चापूनचोपून बसवलेला माणूस होता. त्याने हात वर केला. हा आपला नवा ऑर्गनवादक, हे बाईंना पुढच्या वळणाशी पोचल्यावर सुचलं.

लगेच ओळख न पटण्याला कारण होतं. वेंडेलिनइतका संथ माणूस जर्मनीतल्या त्या टानेनग्रुंड गावात दुसरा नव्हता. रविवारी लोक स्तोत्राची ओळ म्हणून, खोकून मोकळे होत, तेव्हा कुठे त्याचा ऑर्गन त्या ओळीच्या शेवटाला पोचे. बेकरीत त्याचं मागणं सांगून होईपर्यंत मागचे दोघे पाव घेऊन घरी गेलेले असत. शनिवारी लग्नाला उभा राहिला तर वेंडेलिन 'हो' म्हणेपर्यंत सोमवार उजाडेल, असं चर्चची देखरेख करणारा म्हणायचा. लग्न झालंच नाही, त्यामुळे तो सोमवार कुणी पाहिला नाही.

नोकरी होती जिल्ह्याच्या वाहन नोंदणी कचेरीत, तीन नंबरच्या खिडकीत. तिथे त्याने अडतीस वर्षं लोकांच्या नंबरपाट्यांवर सरकारी गोल शिक्का चिकटवला. लोक त्याला घाबरत नसत, पण त्याच्यापुढे खोटंही बोलत नसत. काही वर्षांनी हंगामी पाट्या निघाल्या. पाटीच्या उजव्या कडेला दोन आकडे, एकावर एक. वरचा महिना उजाडला की गाडी रस्त्यावर, खालचा संपला की आपल्या आवारात बंद. वेंडेलिन तशीही हिवाळ्यात, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंजू नये म्हणून, आपली गाडी बाहेर काढत नव्हता. पहिल्याच दिवशी तो खिडकीच्या बाहेरच्या बाजूला रांगेत उभा राहिला आणि स्वतःसाठी पाटी घेऊन आला. वर चार, खाली दहा.

पुढे एकदा आल्फोन्स त्सेरिंगर नावाचा शेतकरी एक नोव्हेंबरला मोटारसायकलवरून निघाला आणि पकडला गेला. फक्त भावाच्या कोठारापर्यंत चाललो होतो, असं तो खिडकीशी येऊन काकुळतीने सांगत होता. वेंडेलिनने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एकतीस तारीख म्हणजे एकतीस तारीख." गावाने ते वाक्य उचललं. मुलं झोपायला कुरकुर करू लागली की आयासुद्धा तेच म्हणत.

एक एप्रिलला शाळेला बहुधा ईस्टरची सुट्टी असे, आणि वेंडेलिन रजा घेई. दर वर्षी त्या दिवशी सकाळी दहाला त्याच्या गाडीच्या खोलीचं दार उघडायचं आणि सव्वादहाला गाडी बाईंच्या फाटकाशी यायची. तो हॉर्न वाजवत नसे. उतरून टोपी काढायचा आणि विचारायचा, बाई, येणार का, वरच्या रस्त्याने एक फेरी? बाई दर वर्षी नाही म्हणायच्या. कधी वह्या तपासायच्या असत, कधी वळणांनी मळमळेल अशी भीती असे. नवरा ओटमार होता तोवर तो स्वयंपाकघरातून ओरडायचा, जा की, बटाटे मी सोलतो. ओटमार गेल्यावर लोक काय म्हणतील हे कारण झालं, पण ते बाई बोलून दाखवत नसत. नकार झाला की दोघं हवेबद्दल बोलत, वेंडेलिन केकचा एक तुकडा खायचा आणि एकटाच वर जायचा.

बाईंना मळमळेल ते गाडीत. गाडीचं ऐकणं मात्र त्यांना फार आवडायचं. संध्याकाळी कचेरी सुटली की त्या खिडकी उघडून बसत. आता तिसरं वळण. आता लाकडाची वखार. आता झाडीतला सरळ पट्टा. हळूहळू त्यांना एक गोष्ट उमगली होती. हा माणूस वर गेल्यावर कुणी वेगळा होत नाही. वळणाआधी तो थांबतो, हातात काही धरून ठेवावं तसा आवाज धरून ठेवतो आणि वळण संपता संपता सोडून देतो. रविवारी ऑर्गनवरही तो हेच करतो, तिथे लोकांना फक्त धरून ठेवणं ऐकू येतं.

गेल्या ऑक्टोबरात तो बाईंच्या टेबलाशी बसला आणि त्याने एक वाक्य सांगितलं. ते पुरं व्हायला अख्खी कॉफी संपली. डाव्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यापुढे खोल बसायची गाडी नको, क्लच नको. कार्ल्सरूह शहरातला एक जुन्या गाड्यांचा शौकीन दोन नोव्हेंबरला ती घेऊन जाणार होता. त्याआधी वरच्या रस्त्याने एक शेवटची फेरी व्हावी, एवढंच वेंडेलिनला हवं होतं.

पण विसाव्या तारखेपासून डोंगरावर ढग बसले ते उठेनात. तो रोज दार उघडायचा, गाडीत बसायचा, काचेबाहेर बघायचा आणि उतरायचा. एकतीसला तर पाऊसही आला. दुपारी चारच्या सुमाराला त्याने दार लावून कुलूप घातलं, ते बाईंनी खिडकीतून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण. सगळं गाव दुपारी दोनला कबरस्तानात जमतं, पाद्री एकेका थडग्यावर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. बाईंनी सकाळीच ओटमारपाशी फुलं ठेवून लाल दिवा लावला होता. सव्वा वाजता फाटकाशी वेंडेलिन दिसला. गाडी नव्हती, लंगडत चालत आला होता. टोपी हातात.

"वखारवाला वरून आला," तो म्हणाला. "धुकं फक्त खाली आहे. वर ऊन पडलंय. आल्प्स दिसतायत."

"मग?"

"मग आज एक तारीख आहे."

 त्याने टोपी एकदा फिरवली. आज गाडीला विमा नाही, एखाद्या कोंबडीला धक्का लागला तरी जन्माचं निस्तरावं लागेल, हेही त्याने सावकाश सांगून टाकलं. मग म्हणाला, "इतकी वर्षं तुम्ही नाही म्हणत आलात. आजही म्हणा, म्हणजे मी घरी जाईन."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. कबरस्तानाच्या वाटेवर काळे कोट घातलेली माणसं निघालेली दिसत होती. पंचेचाळीस वर्षं त्यांनी मुलांना रेघ मारली की रेघेच्या आत लिहायला शिकवलं होतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "कोट घेते."

खालचा रस्ता दुधात बुडाला होता. वायपर हळू फिरत होते, दोन्ही बाजूंची झाडं जवळ येऊन मगच झाडं होत होती. बाईंना वाटलं, आपण रस्त्यावर जवळजवळ मांडी घालून बसलोय, इतकी ती बैठक खोल होती. रस्त्याचा प्रत्येक खडा पाठीच्या कण्याला कळत होता. तिसरं वळण आलं. इथेच सायकल ढकलत त्या कडेला सरकल्या होत्या. आता त्या आत होत्या, आणि बाहेर धुक्यात कुणी वह्या घेऊन चाललंय का, हे त्यांनी खरोखर वाकून पाहिलं.

वखारीनंतर दूध पातळ होऊ लागलं. मग शेंडे दिसले, मग निळं आभाळ, आणि एका वळणाच्या शेवटी वेंडेलिनने तो धरून ठेवलेला आवाज सोडला. गाडी उन्हात आली. खाली सगळं खोरं पांढऱ्या समुद्राखाली गेलं होतं, टेकड्या बेटांसारख्या वर राहिल्या होत्या. पलीकडे फ्रान्सचे डोंगर, आणि दक्षिणेला, कुणी कागदातून कापून लावावेत तसे, आल्प्स. रस्ता कड्याकड्याने चालला होता आणि त्यावर दुसरं कुणीच नव्हतं. बाईंना मळमळलं नाही. आपल्याला कुणी उचलून नेतंय आणि वजन मागे राहिलंय, असं त्यांना वाटत राहिलं.

त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे वेंडेलिन बोलत होता. भरभर बोलत होता, चारचौघांसारखा. गिअरच्या दांड्याची गोळी झिजून गुळगुळीत झाली होती, तिच्यावर हात ठेवून तो सांगत होता की दिवसभर खिडकीत बसून दुसऱ्यांना रस्त्यावर सोडायचं, तर एकदा स्वतःलाही सोडावं म्हणून ही घेतली. क्लच दाबताना दर वेळी त्याच्या ओठाचा कोपरा ओढला जायचा. बाईंनी ते पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं.

वर खोरं बघायला बांधलेल्या सज्जाशी थांबून दोघांनी बाईंच्या पिशवीतला वेणी घातलेला गोड पाव खाल्ला.

"गाडी सोडवत नाही ना?" बाईंनी विचारलं.

"सोडवतं, बाई. कुलूप लावून सोडायची नव्हती, एवढंच."

उतरताना त्याने धुक्यात गाडी ऑर्गनसारखी संथ चालवली. कोंबडीच काय, पानसुद्धा चाकाखाली आलं नाही.

गावात काय झालं ते दुसऱ्या दिवशी शेजारच्या क्रेसेन्त्सियाने सांगितलं. पाद्री तिसऱ्या रांगेत होते, तेवढ्यात वरून तो आवाज आला. धुक्यात दिसत काहीच नव्हतं, पण आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता आणि तारीखही सगळ्यांना ठाऊक होती. पाद्रींनी प्रार्थना जरा मोठ्याने सुरू केली. पोलीस हवालदार डिलगर आईवडिलांच्या थडग्याशी उभा होता. तो खाली बसला आणि रुमालाने दिव्याची काच पुसू लागला, ती आवाज विरेपर्यंत पुसत राहिला. आल्फोन्स त्सेरिंगरने 'एकतीस तारीख म्हणजे' एवढंच म्हटलं, पुढचं बायकोच्या कोपराने म्हणू दिलं नाही.

"तुझ्या ओटमारपाशी मी उभी राहिले," क्रेसेन्त्सिया म्हणाली. "पुढच्या वर्षी पळून जायचं तर आधी सांगत जा. माझ्या पायांत थंडी शिरली."

त्याच दिवशी गाडी ट्रेलरवर चढून कार्ल्सरूहला गेली. पुढच्या कामाच्या दिवशी वेंडेलिन पाट्या घेऊन तीन नंबरच्या खिडकीशी गेला आणि आता त्याच्या जागी बसणाऱ्या तरुण मुलीला त्याने घडलेला गुन्हा सविस्तर सांगायला घेतला. निम्मं ऐकून ती म्हणाली, फेरेनबाखर साहेब, मागे रांग आहे, मी फक्त नोंद रद्द करू शकते. तिने पाट्यांवरचा शिक्का खरवडला आणि पाट्या त्याला परत दिल्या.

खुबा आता बरा आहे. जानेवारीपासून वेंडेलिन ऑर्गनच्या खालच्या पट्ट्याही पुन्हा दोन्ही पायांनी वाजवतो. त्याच्याकडे करड्या रंगाची, उंच बैठकीची, गिअर आपोआप बदलणारी गाडी आहे आणि तिची पाटी बारा महिने चालते. दर गुरुवारी सकाळी दहाला तो बाईंना तिच्यातून बाजाराला नेतो.